तगादा

आमदाराच्या हाताखाली पाच वर्षं काम केलं असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "मग? किती सुटले?" दुकानात मुनीम म्हणून जो पगार मिळत होता, तोच मला आमदाराचा मदतनीस म्हणूनही मिळत राहिला, आणि तोही दुकानाच्याच खात्यातून. हे कुणाला पटत नाही. ज्यांनी व्यापाऱ्याकडे नोकरी केली आहे त्यांना मात्र लगेच पटतं.

त्यांचं नाव मी इथे घेणार नाही, गावाचंही नाही. त्यांचे पुतणे आजही मंडीत बोली लावतात आणि मी जे लिहिणार आहे ते सगळंच त्यांना रुचेल असं नाही. आम्ही त्यांना सेठजी म्हणायचो, एवढं पुरे. ते मला भाऊ म्हणायचे. महाकोशलात मराठी माणसाला लोक भाऊच म्हणतात, मग तो वयाने लहान असला तरी.

मी खमरियाचा. जबलपूरच्या पूर्वेला दारूगोळ्याची ही फॅक्टरी 1942 साली महायुद्धाच्या गरजेपोटी उभी राहिली. वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून चार्जमन म्हणून बदलून इथे आले आणि वेस्टलँडच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार मांडला गेला. अंबाझरी, भंडारा, वरणगाव अशा फॅक्टऱ्यांतून आलेली आणखीही मराठी घरं होती. तसा जबलपूरला मराठी माणूस नवा नाही. 1798 पासून 1817 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि 1956 साली राज्यांची नवी मांडणी होईपर्यंत आमची राजधानीही नागपूरच होती. बाबूराव परांजपे जबलपूरहून चार वेळा लोकसभेवर गेले, त्याचा अभिमान आमच्या आईला स्वतःचा भाऊ निवडून आल्यासारखा होता. (2021 च्या 1 ऑक्टोबरला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि खमरियाची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. तिचं मुख्यालय पुण्यात आहे. वडील असते तर म्हणाले असते, एवढं हिंडून शेवटी पुणंच!)

खमरियात राजकारण म्हणजे युनियन. गेटवरची सभा, वर्क्स कमिटीची निवडणूक, बोनस, ओव्हरटाइम. आमदार आमच्या लेखी लांबचा माणूस. फॅक्टरी केंद्राची, क्वार्टर फॅक्टरीचं, पाणी आणि दिवे फॅक्टरीचे. शेजारची छावणीसुद्धा संरक्षण खात्याच्या बोर्डाकडे. आमदाराकडे मागायचं काय? त्यामुळे आमदार नेमकं करतो काय हे मला तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि पुढे ते शिकलो तेही उलट्या बाजूने, म्हणजे हिशेबाच्या वहीतून.

मी जबलपूरच्या जी. एस. कॉमर्स कॉलेजातून बी. कॉम. झालो. फॅक्टरीत भरती बंद होती. सेठजी तेव्हा फॅक्टरीच्या कॅन्टीनला डाळ पुरवायचे आणि त्यांच्या बिलांत काहीतरी घोळ झाला होता. वडिलांच्या ओळखीने मी तो निस्तरून दिला. बिलं सुटली तशी सेठजींनी विचारलं, "भाऊ, हमारे यहाँ बैठोगे?" बसलो. जबलपूरहून बसने दीड-दोन तासांवरचा तो कसबा. एक मोठा रस्ता, एक मंडी, दोन टॉकीज, त्यातली एक बंद.

सेठजींचे धंदे दोन. मंडीत लायसन्सदार व्यापारी म्हणून गहू, चणा, मसूर आणि हंगामात मटार घ्यायचा. आणि बाजारात खत-बियाण्यांचं दुकान. ही दोन टोकं एकमेकांना जोडलेली होती. शेतकरी जूनमध्ये दुकानातून खत उधारीवर नेई आणि पीक आलं की मंडीत सेठजींच्या बोलीवर माल घालून उधारी फेडी. मंडीचं काम कागदाचं असतं. बोली झाली की अनुबंध पत्रक, तुलावटीने काटा केला की तौल पर्ची, मग शेतकऱ्याला पैसे दिल्याचं भुगतान पत्रक, आणि माल बाहेर न्यायचा तर अनुज्ञा पत्र. एक कागद राहिला तर ट्रक नाक्यावर उभा. ही शिस्त सेठजींच्या अंगात भिनलेली होती. त्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा, पण कागद खरा की खोटा हे ते त्याच्या घडीवरून ओळखत.

अशा माणसाला विधानसभा का आठवावी? कुणी म्हणत, धंदा वाढवायला. कुणी म्हणत, पत्नीच्या माहेरचं कुणी सरपंच झालं म्हणून. माझ्या मते कारण फार साधं होतं. 2008 ची निवडणूक मतदारसंघांच्या फेररचनेनंतरची पहिली. जुन्या आमदारांची हक्काची गावं पलीकडच्या मतदारसंघात गेली, नवी गावं अंगावर आली आणि पक्षांना एकदम नवी तोंडं लागली. आमच्या भागात नव्या हद्दीतल्या बहुतेक गावांशी ज्याचा रोजचा संबंध होता असा माणूस एकच होता, आणि तो दुकानात गल्ल्यावर बसत होता. कुणाच्या रानात मसूर किती, कुणाचा ट्यूबवेल आटला, कुणाच्या घरी लग्न निघालंय, हे त्यांना उधारीच्या वहीमुळे ठाऊक होतं. पक्षाच्या निरीक्षकाला हे कळायला एक दुपार पुरली. पक्ष कोणता ते सोडून देऊ. त्याने पुढच्या गोष्टीत फरक पडत नाही.

उमेदवारी मिळाल्यावर पहिलं संकट विरोधकाकडून आलं नाही, कायद्याच्या पुस्तकातून आलं. आदिवासी वसतिगृहांना डाळ-तांदूळ पुरवण्याचं एक सरकारी कंत्राट त्या वर्षी आमच्याकडे होतं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 9-अ असं एक कलम आहे. ज्या सरकारच्या विधिमंडळावर जायचं, त्या सरकारला माल पुरवण्याचा किंवा त्याचं काम करण्याचा करार चालू असेल, तर माणूस निवडणुकीला अपात्र ठरतो. गंमत अशी की फॅक्टरीच्या कॅन्टीनला आम्ही जी डाळ देत होतो तिची अडचण नव्हती, कारण फॅक्टरी केंद्र सरकारची. खासदारकीला उभे राहिले असते तर उलट झालं असतं: वसतिगृहाची डाळ चालली असती, खमरियाची अडली असती.

जबलपूरच्या वकिलांनी त्या कलमाखालचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं आणि सेठजींचा चेहरा उजळला. त्यात म्हटलंय की उमेदवाराने आपल्या बाजूने करार पुरा केला असेल, तर सरकारने आपली बाजू पुरी केली नाही एवढ्यावरून करार चालू आहे असं मानायचं नाही. म्हणजे माल सगळा पोचवा, पैसे राहू देत. आम्ही दिवाळीच्या गर्दीत हमाल दुप्पट मजुरीवर लावले, उरलेला सगळा माल छाननीच्या आधी वसतिगृहांत नेऊन टाकला आणि प्रत्येक अधीक्षकाकडून 'पूर्ण पुरवठा मिळाला' अशी सही-शिक्क्याची पावती घेतली. छाननीच्या दिवशी हरकत आलीच. मी फाइल पुढे केली. निवडणूक अधिकाऱ्याने पावत्या एकेक करून उलटल्या आणि अर्ज वैध ठरवला.

त्या मालाचे पैसे मात्र पुढे फार दिवस अडकले. इथे मला पहिल्यांदा आमदारकीची किंमत कळली. सेठजी नुसते व्यापारी असते तर त्या कार्यालयात जाऊन बाबूच्या टेबलाशी बसले असते, चहा मागवला असता, गोड बोलून बिल काढून आणलं असतं. आमदार झाल्यावर ते पाऊल टाकवेना. स्वतःच्या बिलासाठी आमदार आला, एवढंच उद्या छापून येईल. मला पाठवावं तर मीही आता त्यांचाच माणूस. शेवटी बिल निघालं ते आपोआप, म्हणजे सरकारी वेगाने.

राज्य सरकारचं नवं कंत्राट अर्थात घेता येत नव्हतं. एका वर्षी सेठजींच्या धाकट्या भावाने बायकोच्या नावाने नवी फर्म काढून तेच काम घेतलं. कायदा 'त्याने केलेला करार' म्हणतो. वहिनींनी केलेल्या कराराबद्दल तो काही बोलत नाही. त्या फर्मची वहीही मीच लिहिली. कागद सगळे चोख होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही. सेठजींना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भाऊ, घर भी चलाना है." पुढच्या वर्षी ती फर्म बंद झाली, माझ्या सांगण्यामुळे नव्हे, नफा सुटला नाही म्हणून.

निवडणुकीच्या दिवसांत माझ्याकडे खर्चाचं रजिस्टर होतं. तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा आमच्या राज्यात 10 लाख रुपये होती आणि अनामत 5,000. (आता मर्यादा 40 लाख आहे.) अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतचा प्रत्येक खर्च लिहायचा आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करायचा. चहा, समोसा, खुर्ची, जीप, माइक, प्रत्येकाचा जिल्ह्याने ठरवलेला दर असतो. सेठजी घासाघीस करून जीप स्वस्तात ठरवत आणि कार्यालय ती ठरलेल्या दरानेच धरी. त्यांना याचा संताप येई. "मैंने सस्ते में ली है, बिल है मेरे पास!" स्वस्तात सौदा केल्याची शिक्षा होते असा बाजार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्याहून जड गेलं ते शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे 2003 पासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि शिक्षण प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं आणि त्याची प्रत सगळ्यांना पाहायला लावली जाते. घरातल्या सोन्याचा आकडा लिहायला सेठाणीबाईंनी दोन दिवस घेतले. पण सेठजींची झोप उडाली ती बँकेच्या कर्जाच्या रकान्याने. व्यापाऱ्याचं कर्ज किती हे त्याची बँक आणि त्याचा मुनीम या दोघांनाच ठाऊक असतं. बाजारातली पत त्यावर टिकते. ते शपथपत्र मतदारांपैकी कुणी वाचलं असेल तर मला माहीत नाही. बाजाराने मात्र ओळ न् ओळ वाचली. दुसऱ्याच आठवड्यात इंदूरच्या एका दालमिलने उधारीची मुदत निम्म्यावर आणली. राजकारणातला पारदर्शीपणा चांगलाच, त्याला माझा विरोध नाही. पण त्याचा पहिला फटका कर्ज घेऊन प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला बसतो, ज्याचे व्यवहार रोखीत आणि दुसऱ्यांच्या नावावर असतात त्याला बसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

27 नोव्हेंबर 2008 ला मतदान झालं, 8 डिसेंबरला निकाल. निवडून आलेल्या 230 जणांत सेठजी एक झाले.

भोपाळला आम्ही जबलपूरहून पहाटेच्या जनशताब्दीने जायचो. विधानसभेची इमारत चार्ल्स कोरिया यांची, 1996 साली वापरात आली, पुढे 1998 मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कारही मिळाला. मोठी देखणी आहे, आणि आत शिरलेला नवा माणूस हमखास चुकतो. गोल भिंती, अंगणातून अंगण, पुन्हा जिना. सेठजी पहिल्या अधिवेशनात एकटे निघाले आणि सभागृहाऐवजी उपाहारगृहात पोचले. तिथे आणखी दोन नवे आमदार वाट विचारत उभे होते. अध्यक्षांच्या खुर्चीवर जबलपूर कॅन्टचे ईश्वरदास रोहाणी होते. डिसेंबर 2003 पासून तेच अध्यक्ष. सेठजी मला म्हणायचे, "तुमच्या शहरचे अध्यक्ष आहेत भाऊ, आपला प्रश्न वर येईल." मी त्यांना समजावलं की प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो, शहर बघून नाही. त्यांना ते पटलं, कारण मंडीतही बोलीचा क्रम ढिगाच्या जागेवरून ठरतो, ओळखीवरून नाही. निदान ठरायला हवा.

विश्रामगृहातली खोली आमदाराला राहायला मिळते असं कागदावर आहे. आमच्या खोलीत सेठजी क्वचितच धड झोपले. हमीदिया रुग्णालयात दाखवायला आणलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक, नोकरीच्या परीक्षेला आलेली पोरं, सगळी तिथेच. जमिनीवर गाद्या, खिडकीत लोणच्याच्या बरण्या, आणि पलंगावर नेहमी कुणीतरी म्हातारं माणूस, ज्याला उठवणं बरं दिसत नाही. मी आधी वैतागायचो. मग माझ्या लक्षात आलं की मतदारसंघाला आमदाराचा सगळ्यात खरा उपयोग हाच होता. भोपाळात ज्याचं कुणी नाही त्याला रात्री पाठ टेकायला जागा.

गावी सकाळी सातला दुकानाच्या ओट्यावर दरबार भरे. बदली, बीपीएल कार्ड, हातपंप, जळलेला ट्रान्सफॉर्मर, ठाण्यात अडकलेला भाचा. राज्याचा कायदा करायला निवडून दिलेल्या माणसाकडे कायद्याबद्दल बोलायला पाच वर्षांत कुणी आलं नाही. मी मंडीच्या धर्तीवर जावक वही आखली: तारीख, नाव, काम, कोणतं कार्यालय, उत्तर. शेवटचा रकाना बहुतेक पानांवर कोरा राही. सेठजी तो कोरा रकाना बघत आणि अस्वस्थ होत. उधारीच्या वहीत असा रकाना कोरा राहिला की ते माणूस पाठवत. इथेही त्यांनी तेच सुरू केलं. रोज सकाळी दरबार उठला की ते जुनं पान काढत आणि फोन लावत. चिडायचे नाहीत, धमकी नाही, बदलीची भाषा नाही. "साहब, वो बारह तारीख वाली चिट्ठी..." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच स्वरात. आयुष्यभर त्यांनी असाच तगादा लावून पैसे वसूल केले होते. अधिकारी भाषणाला बधत नव्हते, या चिकाटीपुढे कंटाळून काम करून टाकत. त्यांच्या काळात आमच्या भागात जे हातपंप आणि ट्रान्सफॉर्मर बसले ते या फोनांमुळे बसले, सभागृहातल्या कुठल्याही शब्दामुळे नाही.

सभागृहात ते फारसे बोलत नसत. पण एक प्रश्न त्यांनी असा विचारला की त्याचा मला अजून अभिमान वाटतो. मंडीत माल घेतला की व्यापाऱ्याला शेकडा दोन रुपये मंडी शुल्क तेव्हा भरावं लागे, आणि त्याबरोबर शेकडा वीस पैसे निराश्रित शुल्क. हे वीस पैसे 1970 च्या एका कायद्याने आले: निराश्रित आणि निर्धन माणसांच्या मदतीसाठी. सेठजी ते वर्षानुवर्षं भरत होते. एका रात्री जनशताब्दी चुकली म्हणून आम्ही भोपाळ स्टेशनवर बसलो होतो, तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "भाऊ, वो बीस पैसा जाता कहाँ है?" मला सांगता येईना. मी मुनीम, रोज ती रक्कम लिहिणारा. माझ्या वहीत ती नावे पडायची आणि तिथेच माझ्यापुरती संपायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्नाचा मसुदा केला. आपल्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत निराश्रित शुल्क किती जमा झालं, त्यातून किती खर्च झालं, कशावर झालं, किती निराश्रितांना लाभ झाला आणि बाकी रक्कम कुठे आहे. पाच उपप्रश्न, एकही विशेषण नाही. एखाद्या देणेकऱ्याला पाठवायच्या हिशेबासारखा तो प्रश्न होता. पक्षातल्या एका जुन्या आमदाराने तो वाचून म्हटलं, "यात राजकारण काहीच नाही." सेठजींना ती स्तुती वाटली.

उत्तर आलं: 'जानकारी एकत्रित की जा रही है.' ज्यांनी कुठल्याही विधानसभेची प्रश्नोत्तरं वाचली आहेत त्यांना हे वाक्य परकं नाही. सेठजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न, मागच्या प्रश्नाचा क्रमांक देऊन. त्याच्या पुढच्या अधिवेशनात पुन्हा. शेवटी आकडे आले, तेव्हा विधानसभेची मुदत सरत आली होती आणि तो कागद घेऊन काही करायला वेळ उरला नव्हता. तरी मी तो दुकानातल्या फाइलीला लावला. आमच्या कसब्यातल्या मंडीत त्याआधी हा हिशेब कुणी मागितला असल्याचं मला माहीत नाही.

आता उधारीकडे येतो, कारण सेठजींच्या आमदारकीची खरी कहाणी तिथे आहे.

निवडणुकीच्या वर्षी खताच्या दुकानाची उधारी नेहमीसारखीच बाहेर होती. ऑक्टोबरमध्ये दरवर्षी आमचा माणूस सायकलवर गावोगाव फिरायचा. त्या वर्षी सेठजींनी त्याला थांबवलं. मतं मागायला जायचं त्याच दारात पैसे कसे मागायचे? मी म्हटलं, डिसेंबरनंतर मागू. डिसेंबरनंतर ते आमदार झाले. आमदाराचा माणूस दारात येऊन शेजाऱ्यांदेखत पैसे मागतो, याला लोक वसुली म्हणत नाहीत, जुलूम म्हणतात. मग पंचायतीच्या निवडणुका आल्या, मग दुष्काळी हंगाम, मग कुणाच्या घरी गमी. पाच वर्षांत तगादा लावायला योग्य असा दिवस उगवलाच नाही. तिकडे नवी उधारी सुरूच होती, कारण आमदाराच्या दुकानातून माणूस रिकाम्या हाताने परत जातो हेही बरं दिसत नव्हतं. गल्ल्यावर बसून जो माणूस "पहिले पिछला दे दो" असं शांतपणे सांगत असे, त्याच्या तोंडून आता "हो जाएगा" एवढंच निघे. हो जाएगा हे दरबारातलं उत्तर होतं. ते दुकानात शिरलं आणि दुकान बसायला लागलं.

मंडीतही बदल झाले, आणि ते मला अधिक खटकले. पूर्वी निरीक्षक आमच्या गोदामात येऊन पोती मोजायचा, आता तो बाहेरूनच नमस्कार करून जाई. सेठजी त्याला बोलावून मोजायला लावत. इतर व्यापाऱ्यांना मात्र यातलं दिसत नव्हतं. त्यांना एवढंच दिसे की आमच्या बोलीवर कुणी चढत नाही. काही जण भीतीने चढत नसत, काही जण उपकाराच्या आशेने. शेतकऱ्याचं त्यात नुकसान होतं. सेठजींना हे समजत होतं, आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः बोलीला उभं राहणं सोडून पुतण्यांना पाठवायला सुरुवात केली. त्याने फार काही बदललं नाही. आडनाव तेच होतं.

जबलपूरला व्यापारी घराण्यातून राजकारणात आलेल्या माणसांची मोठी परंपरा आहे. सेठ गोविंददास राजा गोकुलदासांच्या धनाढ्य घरातले; 1923 साली केंद्रीय विधिमंडळात गेले आणि 1957 पासून 1974 साली वारले तोपर्यंत जबलपूरचे खासदार होते. लोक त्यांचं उदाहरण देतात. पण त्यांच्या घरात पिढ्यांची संपत्ती होती. उधारीच्या वहीवर त्यांची चूल अवलंबून नव्हती. कसब्यातल्या मध्यम व्यापाऱ्याला तो दाखला लावणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. त्याचं भांडवल म्हणजे त्याची वसुली.

2013 साली पक्षाने सेठजींना तिकीट दिलं नाही. कारण सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. 25 नोव्हेंबरला मतदान होतं. त्याआधी वीस दिवस, 5 नोव्हेंबरला, अध्यक्ष रोहाणी जबलपुरात वारले. त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव अशोक रोहाणी उभे राहिले, निवडून आले आणि पुढे 2018 आणि 2023 लाही आले. सेठजी अंत्यदर्शनाला माझ्याबरोबर जबलपूरला आले होते. परतताना बसमध्ये त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "भाऊ, पुरानी बही निकालो."

डिसेंबरात तगादा पुन्हा सुरू झाला. सायकलवरचा जुना माणूस आता थकला होता, म्हणून काही गावांना मीच गेलो. काहींनी बिनतक्रार पैसे दिले. काहींनी जुन्या ओळखीने मुदत मागितली. पण बऱ्याच दारांत मला जे ऐकायला मिळालं ते मी कधी विसरणार नाही. माणसं खरोखर चकित झाली होती. "वो तो चुनाव में कट गया था न?" त्यांच्या मनात मत दिलं तेव्हाच उधारी फिटली होती. कुणी लबाडीने बोलत नव्हतं. त्यांनी आपल्या परीने सौदा पुरा केला होता. सेठजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्या नावांवर स्वतःच्या हाताने रेघ मारली. सगळ्या नाही, पण बऱ्याच. बँकेच्या कर्जापायी पुढच्या वर्षी खताचं दुकान विकावं लागलं. मंडीचं लायसन्स राहिलं, ते पुतण्यांच्या नावाने.

सेठजी कसे आमदार होते असं विचाराल तर सांगतो. कायदे करण्यात त्यांना गती नव्हती आणि गोडीही नव्हती. अधिकाऱ्यांकडून काम काढून घेण्यात त्यांच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. पैसे खाल्ले नाहीत. वहिनींच्या फर्मचं ते एक वर्ष सोडलं तर त्यांच्या वहीत लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि ते वर्ष मी विसरायला तयार नाही. व्यापारी म्हणून ते जितके मोठे होते तितके आमदार म्हणून झाले नाहीत, आणि आमदारकीने त्यांच्यातला व्यापारीही लहान केला. पुन्हा तीच निवडणूक आली तर त्यांना उभं राहू नका असं मी सांगेन, आणि मतदारांना मात्र त्यांनाच निवडून द्या असं सांगेन. मी स्वतः त्यांना कधी मत दिलं नाही. माझं नाव खमरियाच्या यादीत होतं, अजून तिथेच आहे.